अतिशहाण्या इमारतीचा बैल रिकामा

हिंजवडी, बाणेर, ऐरोली, बीकेसी. कुठल्याही नव्या काचेच्या ऑफिसात शिरा, रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर एक भलामोठा पडदा दिसेल. त्यावर हिरवे आकडे नाचत असतात. आज वाचलेली वीज इतकी युनिट, वाचलेलं पाणी इतकं लिटर, म्हणजेच इतकी झाडं लावल्याचं पुण्य. पडदा कुणी वाचत नाही. पाहुणे मोबाइलमध्ये, कर्मचारी पंचिंगच्या घाईत, आणि रिसेप्शनवरच्या ताईंची तर पाठच त्याच्याकडे.

आता लिफ्टनं खाली उतरा. बेसमेंट दोन. एसीचं पाणी थंड करणारा चिलर प्लांट, आणि त्याला लागून आठ बाय दहाची बीएमएस रूम. बीएमएस म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम. ब्रोशरमध्ये तिला इमारतीचा मेंदू म्हटलेलं असतं. मेंदूसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत शिफ्टचा ऑपरेटर. दर तासाला तो उठतो, चिलरपाशी जातो, गेज बघतो आणि पुठ्ठ्याच्या लॉगबुकात बॉलपेननं लिहितो : पाणी आत १२, बाहेर ७, प्रेशर अमुक, अँपिअर तमुक. तेच आकडे त्याच्या समोरच्या संगणकात आपोआप साठत असतात. मग लिहायचं कशाला? ‘‘साहेब, ऑडिटला लॉगबुक मागतात.’’ रात्री तीन, चार आणि पाचचे आकडे पहाटे सहाला एकाच बैठकीत लिहिलेले असतात, हे ऑडिटरसकट सगळ्यांना ठाऊक. तरी सही लॉगबुकावरच होते.

वरचा पडदा आणि खालचं लॉगबुक यांना एका दोरीत ओवण्याच्या उद्योगाला सध्या बाजारात ‘आयटी-ओटी इंटिग्रेशन’ म्हणतात. त्याची प्रेझेंटेशन्स पंचतारांकित हॉटेलात होतात. ऑपरेटरला बोलावणं नसतं.

०००

आयटी सगळ्यांना माहीत आहे. लॅपटॉप, सर्व्हर, ईमेल, आणि दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला म्हणून मागे लागणारी मंडळी. ओटी म्हणजे ऑपरेशनल टेक्नॉलॉजी : चिलर, एएचयू (मजल्यावर थंड हवा सोडणारं यंत्र), पंप, लिफ्ट, दाराचे कार्ड-रीडर. आयटीवाल्यांना घाम येऊ नये म्हणून तळघरात जे काही घरघरतं, ते सगळं. ही दोन खाती एकाच इमारतीत नांदतात. एकाच कँटीनमध्ये मात्र जेवत नाहीत. ओटीवाले डबा आणतात.

दोघांचे साहेब वेगळे. आयटीचा माणूस सीआयओला जाब देतो. फॅसिलिटी अ‍ॅडमिनखाली येते, आणि अ‍ॅडमिनकडे चहाचं मशीन, हाउसकीपिंग, पार्किंगचे स्टिकर आणि दिवाळीच्या मिठाईचे बॉक्सही असतात. आयटीवाला कंपनीचा, ऑपरेटर एजन्सीचा. टेंडर निघतं, एजन्सी बदलते, माणूस तोच राहतो. टी-शर्टचा रंग तेवढा बदलतो. पगाराचा बदलत नाही.

दोघांचा धर्मही वेगळा. माहिती बाहेर जाता कामा नये, हे आयटीचं पहिलं वचन. संशय आला की बंद करा, मग बघू. यंत्र बंद पडता कामा नये, हे ओटीचं. संशय आला तरी चालू ठेवा, मग बघू. मायक्रोसॉफ्टचं अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. ते आयटीनं टाकलं आणि संगणक रीस्टार्ट झाला, तर कुणाचं तरी ईमेल दहा मिनिटं थांबतं. तेच तळघरातल्या संगणकाला केलं, तर तो उठून बसेपर्यंत कुठला पंप चालू आणि कुठला बंद, हे कुणाला दिसत नाही. आणि उठून बसलाच नाही, तर व्हेंडरचा माणूस येईपर्यंत दिसत नाही.

वयाचं तर विचारूच नका. लॅपटॉप चार वर्षांत म्हातारा होतो. चिलर वीस-पंचवीस वर्षं सहज ओढतो. पण त्या चिलरला जोडलेला संगणक लॅपटॉपच्याच कुळातला, त्याला चिलरचं आयुष्य कुठून मिळणार? विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्येच थांबवला. तळघरात तो अजून सुखानं नांदताना सापडतो. बदलायला गेलं की व्हेंडर म्हणतो, ‘‘नव्या विंडोजवर आमचं सॉफ्टवेअर चालेल, पण लायसन्स नव्यानं घ्यावं लागेल.’’ कोटेशन येतं. अ‍ॅडमिन ते आयटीकडे पाठवतं, कारण तो संगणक आहे. आयटी ते अ‍ॅडमिनकडे परत पाठवतं, कारण तो चिलरचा आहे. आर्थिक वर्ष संपतं. मार्चअखेर उरलेल्या पैशांतून लॉबीत आणखी एक पडदा लागतो.

०००

यंत्रांच्या बोलीभाषांचीही एक गंमत आहे. मॉडबस ही त्यातली जुनी बोली, १९७९ सालची. तिच्यात ‘आपण कोण?’ असं विचारायची सोयच नाही. पंपाला ‘बंद हो’ म्हटलं की पंप बंद होतो. म्हणणारा मालक असो, व्हेंडर असो की वाटसरू. इतका आज्ञाधारकपणा सरकारी कचेरीत असता, तर महाराष्ट्र कुठल्या कुठे गेला असता. बॅकनेट ही खास इमारतींची बोली. १९८७ मध्ये अमेरिकेत तिच्यावर काम सुरू झालं, १९९५ मध्ये ती प्रमाण ठरली. मूळ बॅकनेटचाही स्वभाव भाबडाच. यंत्रं बंद खोलीत, आपापल्या तारेवर बोलायची, बाहेरचं कुणी ऐकत नव्हतं, तोवर हा भाबडेपणा खपून गेला. पुढे कुणीतरी म्हणालं की हे सगळं साहेबांच्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. झालं! तळघरातली खासगी कुजबुज इंटरनेटच्या चव्हाट्यावर आली. ओळखपाळख तपासून, कुलूप लावून बोलणारं बॅकनेटचं नवं रूप २०१९ मध्ये आलं. चोवीस वर्षं लागली. तोपर्यंत भिंतींत बसलेल्या जुन्या कंट्रोलरांना नवी शिस्त कोण लावणार? ते मुकाट ऐकतात आणि करतात.

०००

इंटिग्रेशन वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर व्हेंडरांची पत्रं येतात. मीटिंग रूम बुक झाली की दहा मिनिटं आधी एसी चालू व्हावा, संपली की बंद व्हावा. मजल्यावर शेवटचं कार्ड पंच होऊन माणूस गेला की दिवे मालवावेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की ताजी हवा आत घ्यावी, वाढला नसेल तर उगाच बाहेरचा उकाडा आत ओढून थंड करत बसू नये. हे सगळं शक्य आहे, यात वीज खरोखर वाचते, आणि चांगल्या माणसांनी चालवलेल्या इमारतींत ते रोज घडतं.

बाकीच्या इमारतींत काय घडतं? दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच, सहाव्या मजल्यावरची मोठी मीटिंग रूम. कधीकाळी एका मॅनेजरनं ती कायमची बुक केली होती. मॅनेजर नोकरी सोडून कॅनडाला गेला. त्याचं ईमेल एचआरनं बंद केलं, बुकिंग मात्र कॅलेंडरात राहिलं, कारण एचआरचं सॉफ्टवेअर कॅलेंडरशी बोलत नाही. कॅलेंडर मात्र एसीशी बोलतं. त्यामुळे तीनला दहा मिनिटं कमी असताना एएचयू सुरू होतो आणि पाचपर्यंत चोवीस रिकाम्या खुर्च्या थंड होत राहतात. पडद्यावर हे ‘ऑटोमेशन’ म्हणून हिरव्या रंगात मोजलं जातं.

आणि जिथं खरोखर माणसं बसली आहेत, तिथं दिवे जातात. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या लेखी न हलणारा माणूस म्हणजे फर्निचर. कोडमध्ये डोकं घालून बसलेली पोरं रात्री नवाच्या सुमारास एकदम अंधारात जातात आणि बसल्या जागेवरून हात हवेत हलवतात. तिसऱ्या मजल्यावर लांबून पाहिलं तर आरती चालल्यासारखं वाटतं. कॅलेंडर सांगतं, खोली भरलेली आहे. सेन्सर सांगतो, मजला रिकामा आहे. दोघांचं इंटिग्रेशन झालेलं आहे, तसं सर्टिफिकेट फाइलला लावलेलं आहे.

०००

घोडं नेमकं कुठं पेंड खातं, ते रात्री दोनला कळतं. एएचयू बंद पडतो आणि फोनाफोनी सुरू होते.

‘‘सर, चौथ्या मजल्याचा एएचयू बीएमएसवर दिसत नाहीये.’’

‘‘तिकीट टाकलंत का?’’

‘‘टाकलं सर. आयटीनं क्लोज केलं. लिहिलंय, पिंग जातोय.’’

‘‘मग व्हेंडरला फोन लावा.’’

‘‘लावला सर. ते म्हणतात कंट्रोलर ओके आहे, नेटवर्क बघा.’’

‘‘आणि इंटिग्रेटर?’’

‘‘त्यांचं एएमसी संपलं सर, गेल्या जूनमध्ये.’’

गावाकडे दोन भावांच्या शेतांमधल्या बांधावरून डोकी फुटतात, कारण बांध दोघांनाही हवा असतो. स्मार्ट इमारतीत गंगा उलटी वाहते. आयटीची तार आणि ओटीची तार जिथं मिळते, ती गेटवे नावाची डबी कुणालाच नको असते. ती सिलिंगच्या वर, केबल-ट्रेवर, दोन झिप-टायनी लटकत असते. तिचा पासवर्ड बसवणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि बसवणारा आता दुबईत असतो. आयटीच्या मालमत्ता-यादीत ती नाही, कारण खरेदी प्रोजेक्टच्या खात्यातून झाली. फॅसिलिटीच्या यादीत नाही, कारण तिला ना बेअरिंग, ना बेल्ट, ना ऑइल. टेंडरमध्ये मात्र तिच्यावर सुंदर वाक्य आहे : ‘सर्व यंत्रणा एकाच खिडकीतून नियंत्रित होतील.’ एक खिडकी योजना म्हटलं की मराठी माणसाला पुढचा अंदाज येतोच. खिडकी असते, खिडकीमागे कुणी नसतं.

०००

हे आपलंच रडगाणं आहे असं समजून कुणी परदेशाला हात जोडू नयेत.

२०१३. सिडनीतलं गूगलचं ऑफिस, व्हार्फ ७. बिली रिऑस आणि टेरी मॅकॉर्कल या दोन सुरक्षा-संशोधकांना त्या इमारतीची नियंत्रण-यंत्रणा इंटरनेटवर उघडी सापडली. अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांनी मिळवला; मजल्यांचे आणि पाइपांचे नकाशे, अलार्मची बटणं, सगळं समोर आलं. भले लोक म्हणून त्यांनी गूगलला कळवलं. यंत्रणेच्या निर्मात्यांनी त्या भोकासाठी ठिगळ आधीच तयार करून दिलं होतं; इमारतीत ते लावायचं राहिलं होतं. साऱ्या जगाला सगळं शोधून देणाऱ्यांची ही गत. काखेत कळसा, गावाला वळसा.

त्याच वर्षाअखेर अमेरिकेत ‘टार्गेट’ या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील चोरीला गेले. चोर शिरले ते पेनसिल्व्हेनियातल्या एका रेफ्रिजरेशन कंत्राटदाराचा लॉगिन वापरून. तेव्हापासून प्रत्येक सायबर-सेमिनारात ‘एसीतून चोर शिरला’ ही कथा चवीनं सांगितली जाते. खरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. कंत्राटदारानं तेव्हाच सांगितलं होतं, की आमचा जोड फक्त बिलं, कंत्राटं आणि कामांची व्यवस्था यांच्यापुरता होता. टार्गेटची थंडी आम्ही दुरून सांभाळत नव्हतो. म्हणजे चोर डक्टमधून रांगत आला नाही. बिलाच्या दारानं आला आणि आतल्या आत गल्ल्यापर्यंत गेला, कारण मध्ये धड भिंत नव्हती. इंटिग्रेशन कुणी केलं नव्हतं, ते नुसतंच होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ४७ राज्यांशी तडजोड करताना टार्गेटनं १ कोटी ८५ लाख डॉलर मोजले. भिंत स्वस्तात झाली असती.

२०१६, फिनलंडमधलं लप्पेनरांता. इंटरनेटवरून आलेल्या मागण्यांच्या भडिमारानं दोन निवासी इमारतींचे हीटिंग कंट्रोलर गुदमरले आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले. नोव्हेंबरातलं फिनलंड, आणि घर तापवणारा मेंदू ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणतोय.

२०२१, जर्मनी. इथली शिस्त जगात नावाजलेली. एका ऑफिस-इमारतीत दिव्यांची बटणं, हालचालीचे सेन्सर, पडद्यांच्या मोटारी, असे शेकडो नग एका जाळ्यात जोडलेले होते. जाळ्याचं एक दार इंटरनेटवर उघडं राहिलं. कुणीतरी आत आलं, सुमारे तीन चतुर्थांश नगांची बुद्धी पुसली आणि त्यांच्यातच असलेली सुरक्षा-किल्ली आपल्या पासवर्डनं फिरवून गेलं. ही किल्ली मालकानं कधी वापरलीच नव्हती. चोरानं पहिल्यांदा वापरली. मग त्या अत्याधुनिक इमारतीत दिवे कसे लावले? मेन पॅनेलचे ब्रेकर हातानं वर-खाली करून.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुकनं देखभालीच्या कामात स्वतःचंच नेटवर्क जगाच्या नकाशावरून पुसलं. सुमारे सहा तास. दुरुस्तीला धावलेल्यांसकट कर्मचाऱ्यांची कार्डं दारांना लागेनात, अशा बातम्या आल्या. दार उघडायचं तर नेटवर्क हवं, नेटवर्क दुरुस्त करायचं तर दार उघडायला हवं. याला म्हणतात संपूर्ण इंटिग्रेशन.

०००

आपल्याकडे निदान नियम कडक आहेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये फर्मान काढलं, की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. आणि त्यांच्या यादीत सर्व्हर-वेबसाइटींबरोबर ओटी यंत्रणा आणि इंटरनेटला जोडलेली उपकरणंही आहेत. सहा तास! बीएमएसच्या संगणकात काहीतरी शिरलंय हे ऑपरेटरच्या लक्षात येणार कसं? माउस आपोआप हलला तर तो समजतो, व्हेंडर आला असेल. व्हेंडर तसाच येतो. शहराबाहेर बसून रिमोट सॉफ्टवेअरनं, कुणाला न विचारता, रात्री-अपरात्री. त्या रिमोटचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला असतो, शेजारी गणपतीचा स्टिकर. सगळी भिस्त स्टिकरवर.

आणि लक्षात आलं तरी एकमत होईल याची खात्री काय? १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देत घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी लगोलग सांगितलं, ती माणसाची चूक. एवढ्या मोठ्या शहराच्या विजेबद्दल जर दोन मंत्र्यांची दोन उत्तरं, तर चौथ्या मजल्यावरच्या एएचयूबद्दल दोन मॅनेजरांची चार उत्तरं निघाली, तर त्यांना दोष कसला द्यायचा?

०००

या सगळ्या गदारोळात ज्या माणसासाठी इमारत शहाणी केली, त्याची हालत बघा. डॅशबोर्डवर मजल्याचं तापमान २४. बीईई या केंद्राच्या ऊर्जाबचत संस्थेनं २०२० पासून स्टारवाल्या रूम एसींना कारखान्यातूनच २४ वर ठेवून पाठवायचं बंधन घातलं, तेव्हापासून २४ या आकड्याला देवत्व आलेलं आहे. पण इथला सेन्सर बसलेला असतो परतीच्या डक्टमध्ये. तो अख्ख्या मजल्याच्या हवेची सरासरी हुंगतो आणि समाधानानं मान डोलावतो. प्रत्यक्षात डिफ्यूझरच्या खाली बसलेल्या बाईंच्या खुर्चीवर बारा महिने शाल असते, भर मे महिन्यात शाल, आणि पश्चिमेच्या काचेला चिकटलेल्या गृहस्थांच्या कॉलरला रुमाल. हे दोन पुरावे कुठल्याही डॅशबोर्डवर येत नाहीत. मजला फिरणारा टेक्निशियन ते रोज बघतो. त्याला कुणी विचारत नाही. कुणी फारच तक्रार केली, तर भिंतीवर एक सुबक थर्मोस्टॅट बसतो. तो कशालाच जोडलेला नसतो, हे एसीच्या धंद्यातलं जगभरचं उघडं गुपित आहे. बटण दाबलं की तक्रार थंड होते.

आणि आता कळसाध्याय. एएचयू रूमचं दार उघडा. पंख्याच्या पॅनेलवर एक काळा फिरता खटका असतो : ऑटो, बंद, मॅन्युअल. ऑटोवर असला, तर बीएमएसचं ऐकतो; मॅन्युअलवर असला, तर ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. तो मॅन्युअलवर असतो. त्यावर सेलोटेपनं चिठ्ठी : ‘हात लावू नये.’ कारण केव्हातरी, परदेशी क्लायंट आलेला असताना ऑटोवरचा एएचयू बंद पडला, साहेबांना घाम फुटला, आणि तोंडी हुकूम निघाला. साहेब बदलले, हुकूम राहिला. वरचं सॉफ्टवेअर बिचारं रात्री आठला ‘बंद हो’ म्हणतं, सकाळी सातला ‘चालू हो’ म्हणतं, स्क्रीनवर पंख्याचं चित्र हुकुमानुसार थांबतं आणि फिरतं. खरा पंखा रात्रभर गरगरतो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल रिकामाही नाही, रात्रभर चरकाला जुंपलेला आहे, आणि मालकाच्या वहीत तो गोठ्यात झोपलेला आहे.

एक फायदा कबूल केला पाहिजे. जगातला कुठलाही हॅकर तो खटका दुरून फिरवू शकत नाही. आपली सायबर सुरक्षा सेलोटेपनं केलेली आहे.

०००

या धंद्याची सुरुवात कुठून झाली, तेही बघा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. वर्ग गार पडलाय की तापलाय हे बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि तास मोडायचा. वैतागलेल्या जॉन्सननी खोलीत विजेवरचं तापमापक यंत्र बसवलं. तापमान बिघडलं की तळघरात घंटा वाजायची आणि शिपाई खालूनच हवेची झडप फिरवायचा. १८८३ मध्ये त्यांना थर्मोस्टॅटचं पेटंट मिळालं. वर माहिती, खाली यंत्र, मध्ये एक तार. आज जे विकलं जातंय त्याचा हा मूळपुरुष, आणि त्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की होती : घंटा वाजली की कुणी उठायचं. त्याच जॉन्सननी काढलेली कंपनी आज ‘जॉन्सन कंट्रोल्स’ म्हणून जगभरच्या इमारतींना शहाणपण पुरवते. सप्टेंबर २०२३ मध्ये खंडणीखोर हॅकरांनी तिलाच गाठलं. निस्तरण्याचा खर्च २ कोटी ७० लाख डॉलर झाल्याचं कंपनीनंच पुढे जाहीर केलं. घंटेच्या जागी सॉफ्टवेअर आलं. कुणी उठायचं, हा प्रश्न मात्र एक्सेल शीटमध्ये ‘टीबीडी’ म्हणून पडून आहे.

गंमत म्हणजे ज्या ठिकाणी जीव जायची भीती असते, तिथं या धंद्यातल्या शहाण्या माणसांना बरोबर अक्कल सुचते. आग लागली की फायर पॅनेलनं एएचयू बंद करायचा, कार्डवाली दारं मोकळी करायची, लिफ्ट तळमजल्याला आणायच्या. जाणता इंजिनिअर हे काम ईमेल-कॅलेंडरच्या नेटवर्कवर सोपवत नाही. पॅनेलपासून रिलेपर्यंत स्वतंत्र तार ओढतो. मध्ये ना सर्व्हर, ना लॉगिन, ना लायसन्स. दाराची वीज गेली की ते उघडंच पडलं पाहिजे, बंद नाही. लिफ्टशेजारी काचेच्या डबीत अग्निशमनवाल्यांसाठी वेगळा स्विच. बीएमएसनं हे सगळं नुसतं बघायचं, मध्ये बोलायचं नाही. म्हणजे कुठं जोडायचं आणि कुठं हात आखडता घ्यायचा, हे ज्ञान इमारतीत आहे. तेच बाकीच्या यंत्रांना लावायला कन्सल्टंटची गरज नाही, लाज वाटण्याची आहे.

तेव्हा पुढचं कोटेशन मंजूर करण्याआधी साहेबांनी थोडी कामं करावीत. त्या कामांना बजेट लागत नाही, म्हणून ती होत नाहीत हा भाग वेगळा. गेटवेच्या डबीला एक मालक नेमा. नाव लिहून, मोबाइल नंबरसकट. आयटीचा की अ‍ॅडमिनचा, चिठ्ठ्या टाकून ठरवलंत तरी चालेल. जाळ्यावर काय काय लटकलंय त्याची यादी करा आणि आयटीच्या पोराला ती घेऊन एकदा सिलिंगवर चढवा. चिलरचं जाळं ईमेलच्या जाळ्यापासून वेगळं ठेवा. व्हेंडरला आत यायचं असेल तर आधी फोन करून येऊ द्या, काम झालं की दार लावा. तीन महिन्यांतून एकदा सगळं सॉफ्टवेअर बंद आहे असं धरून इमारत हातानं चालवून बघा. ते कसं करायचं हे एकट्या ऑपरेटरला माहीत आहे, तेवढं एजन्सी बदलण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या. आणि तो एएचयू ऑटोवर टाकून सलग आठवडाभर जागेवर उभं राहून बघा, तो का बंद पडतो. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक निघतं. ते शोधायला कुणाला सांगितलेलंच नसतं.

यातलं काहीच होणार नसेल, तर निदान एवढं करा. नव्या ‘कमांड सेंटर’च्या उद्घाटनाला फीत लॉबीत कापायची ती कापा, फोटो पडद्यासमोर काढायचे ते काढा. नारळ मात्र बेसमेंट दोनमध्ये फोडा. त्या निमित्तानं साहेबांना तळघराचा रस्ता तरी कळेल, आणि खोबऱ्याचा एक तुकडा ऑपरेटरच्या हातावर पडेल. इंटिग्रेशनमधून त्याच्यापर्यंत पोचलेली ती पहिली गोष्ट असेल.